जुन्या जीपगाडीचा एकांगी कल व त्याची दुरुस्ती

भरलेली बैलगाडी एका अंगास कलली तर शेतकरी तिला तत्काळ थांबवितो. परंतु जुनी जीप वर्षानुवर्षें कललेली असूनहि तिजकडे दुर्लक्ष होतें. उतरणीवरून भरलेली गाडी नेतांना हाच कल ती उलटण्यास कारण होऊं शकतो. उलटपक्षीं, मूळ दोष न शोधतां नवे पाटे घातल्यास पैसा व्यर्थ जातो.

१९४१ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं निघालेल्या विलीज जीपेस चारी चाकांवर पोलादी पानांचे पाटे होते. त्याच वळणाच्या महिंद्र कंपनीच्या जुन्या जीपांचीहि रचना तशीच आहे. पुढील विवेचन अशा गाड्यांस अनुलक्षून आहे.

मोजमाप.— गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करावी. दोन्ही बाजूंचे टायर एकाच मापाचे व सारख्या हवेचे असावेत. गाडी थोडी पुढेंमागें ढकलावी, म्हणजे पाटे आपल्या जागीं बसतात. नंतर जमिनीपासून सांगाड्यापर्यंतची उंची चारी कोपऱ्यांशीं मोजावी. सांगाडा समतल असून केवळ वरची बॉडी कललेली असेल, तर दोष पाट्यांत नसून बॉडीखालील रबरी गाद्यांत आहे.

दोष पुढें कीं मागें?— मागील चाकांस दगडांची अटक लावून सांगाड्याच्या पुढील आडव्या पट्टीच्या मध्यभागीं जॅक लावावा, व पुढील पाट्यांवरचा भार उतरेपर्यंतच गाडी उचलावी. कल तसाच राहिला तर दोष मागील पाट्यांत, नाहींसा झाला तर पुढील पाट्यांत समजावा. नुसत्या जॅकवरील गाडीखालीं कोणीहि शिरूं नये.

कारणें.— सदोष बाजूचा पाटा घासून स्वच्छ करावा. मधल्या बोल्टाजवळ मोडलेलें पान बहुधा यू-बोल्टाखालीं झांकलेलें असतें. शॅकल गंजून जाम झाल्यास पाट्यास लांबण्यास वाव मिळत नाहीं व ती बाजू उंच राहते. झिजलेले बुशहि पाहावे. पाट्यांच्या गाडींत भार पाटेच पेलतात. म्हणून साधा शॉक अॅब्सॉर्बर बदलून कल जात नाहीं.

कांहींहि सांपडलें नाहीं, तर डावाउजवा पाटा अदलाबदल करावा. कल बाजू बदलील तर पाटा थकला आहे; न बदलील तर सांगाडा वांकल्याचा संशय घ्यावा. मात्र कांहीं जीपांत चालकाच्या बाजूचा पाटा मुळांतच अधिक ताठ असतो. तेथें ही अदलाबदल करूं नये.

उपाय.— जाम शॅकल मोकळें करून वंगण द्यावें. थकलेला पाटा भट्टींत तापवून वांकविल्यास, योग्य पाणी न दिल्यामुळें, पोलादाचा कस जातो. तो पुन्हां बसतो किंवा मोडतो. एकाच बाजूस जास्त पान घालणें अथवा लांकडी ठोकळा बसविणें धोक्याचें आहे. एका आंसावरील दोन्ही पाटे जोडीनें बदलावे व यू-बोल्टहि नवे घालावे. रबरी बुशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच पक्के आवळावे. अधांतरीं आवळल्यास रबर पिळून राहतें व उंची चुकते. शंभरएक किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हां आवळावे.

पुढें पाण्याचें पिंप वा दुधाच्या घागरी नेहमीं एकाच अंगास ठेवूं नयेत. नाहींतर नवा पाटाहि जुन्याच वाटेनें जाईल.