मेक्सिकोंत शेतजमीन घेण्यापूर्वीं

परदेशीं जमीन घेऊन शेती करावी, असा विचार आपल्याकडील एखाद्या सधन बागाइतदाराच्या मनांत येतो, आणि मग मेक्सिकोचें नांव निघतें. वर्ध्याकडील डॉ. पांडुरंग खानखोजे यांनीं तेथील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयांत मक्याच्या सुधारणेचें काम केलें, तेव्हांपासून मराठी कास्तकारास तो देश अगदींच अनोळखी नाहीं. परंतु खानखोजे तेथें शिकवीत होते. जमीन घेणाराची गोष्ट निराळी आहे.

मेक्सिकोंत १९१० सालीं जी क्रांति झाली तिच्या मुळाशीं जमीनच होती. गांवोगांवच्या सामायिक जमिनी मोठमोठ्या जमीनदारांच्या घशांत गेल्या होत्या. म्हणून १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमानें भूमीची मूळ मालकी राष्ट्राची ठरविली. परक्यास जमीन घेतां येते. मात्र या जमिनीपुरता मी मेक्सिकन समजला जाईन व तिच्याबाबत माझ्या सरकारकडे दाद मागणार नाहीं, असें त्यास परराष्ट्रखात्याकडे कबूल करावें लागतें. शब्द मोडल्यास जमीन राष्ट्रजमा होते. सरहद्दीपासून १०० व समुद्रकांठापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यांत तर परक्याची थेट मालकी होतच नाहीं. तेथें राहत्या घरासाठीं बँकेस विश्वस्त करून ५० वर्षांच्या, पुढें वाढवितां येणाऱ्या मुदतीनें उपभोग घेतां येतो. पट्ट्याबाहेर शेतजमीन मिळते, पण मर्यादेंत: बागाईत १०० हेक्टर, जिराईत २००, कपाशीस १५०, ऊस, केळी, द्राक्षें यांस ३००. ही मर्यादा मेक्सिकन शेतकऱ्यासहि आहे. कोणास हें जाचक वाटेल, त्यानें आपल्या १९४८ च्या कुळकायद्याची आठवण करावी. आपल्याकडेहि बिगरशेतकऱ्यास शेतजमीन सहजासहजीं घेतां येत नाहीं.

खरा धोका याहून वेगळा आहे. त्या देशाची सुमारें निम्मी जमीन एहिदो व तत्सम सामायिक धारणेची आहे. एहिदो म्हणजे क्रांतीनंतर गांवच्या शेतकरीसमूहास सरकारनें दिलेली जमीन. लासारो कार्देनास अध्यक्ष असतांना, १९३४ ते १९४० या काळांत, हें वाटप फार जोरांत झालें. १९९२ पर्यंत ती विकतां येत नसे. त्या सालच्या दुरुस्तीनें वाट उघडली, पण ती लांबची आहे. आधीं मोजणी व वांटणी, मग एहिदोच्या सभेचा ठराव, नंतर राष्ट्रीय कृषि-नोंदणी कार्यालयांतून त्या तुकड्याचें खाजगी मालकीपत्र. आणि पहिल्या विक्रीच्या वेळीं विकणाराचे कुटुंबीय, तो तुकडा वर्षाहून अधिक कसणारे व गांवांतील इतर सभासद यांस ३० दिवसांचा अग्रहक्क. एवढें न करतां दलाल नुसतें हक्कसोडीचें पत्र पुढें करितात. परका मनुष्य एहिदोचा सभासद होऊं शकत नाहीं. त्याच्या हातीं त्या कागदास आपल्याकडील साठेखताइतकीहि किंमत नाहीं. दर स्वस्त दिसतो तो याचमुळें. बाहा कॅलिफोर्नियांतील पुंता बांदा येथें एहिदोकडून भाडेपट्ट्यानें जागा घेऊन समुद्रकांठीं घरें बांधलेल्या अनेक अमेरिकनांस २००० सालीं तीं सोडावीं लागलीं. मुळांत ती जमीन एहिदोस देण्यांतच चूक झाली होती, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें होतें.

जमीन मिळाली म्हणजे पाणी मिळालें, असेंहि समजूं नये. पाणी राष्ट्राचें आहे व उपशाची सनद राष्ट्रीय जल आयोगाची लागते. ती न पाहतां बागाइती भाव देणें म्हणजे माळ घेऊन मळ्याचे पैसे मोजणें होय.

खरेदीखत 'नोतारियो'पुढें होतें. हा आपल्याकडील नोटरी नव्हे. सरकारनें नेमलेला कायदेपंडित असून नोंद व बोजा नसल्याचा दाखला तो तपासतो. तरी आपला स्वतंत्र वकील असावाच, आणि विसाराची रक्कम मालकीपत्र त्याच्या नजरेखालून गेल्यावरच द्यावी. येथून पैसा पाठविण्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें दरमाणशीं वर्षास अडीच लक्ष डॉलरची मर्यादा आहे, हेंहि हिशेबांत धरावें.