गुरे राखतात फुले

प्रस्तावना

निसर्गाचे रक्षण करावयाचे तर त्या जागेला कुंपण घालावे आणि माणसाला व गुरांना बाहेर ठेवावे, असा एक समज आहे. काही ठिकाणी हा उपाय योग्यही ठरतो. परंतु शेतजमिनीवरील वन्यजीवन पुष्कळदा शेतकऱ्याच्या कामावरच तगून असते. अशा जमिनीवर शेतकऱ्याला केवळ नियमपालनाचे नव्हे, तर प्रत्यक्ष दिसणाऱ्या परिणामाचे मोल द्यावे, हा विचार आयर्लंडमधील एका प्रदेशात कसा रुजला, ते या पाठात पाहूया.

मूळ पाठ

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात, बरेन नावाचा चुनखडकाचा प्रदेश आहे. या नावाचा अर्थच ‘खडकाळ जागा’ असा आहे. दूरवर पसरलेले राखाडी कातळ, त्यांच्या भेगांत साठलेली थोडीशी माती आणि तीत उगवणारे गवत, असे या भूमीचे रूप आहे. प्रथमदर्शनी ती उजाड भासते. तथापि आयर्लंडमधील देशी वनस्पतींपैकी सुमारे ७० टक्के वनस्पती या लहानशा प्रदेशात आढळतात. वसंत ऋतूत येथे गडद निळी जेन्शियनची फुले उमलतात आणि दुर्मीळ फुलपाखरांनाही आश्रय मिळतो.

या समृद्धीमागे शेतकऱ्यांची एक जुनी रीत आहे. युरोपातील बहुतेक डोंगराळ भागांत गुरे उन्हाळ्यात डोंगरावर चरावयास नेतात. बरेनमध्ये ती हिवाळ्यात नेतात. येथील खडक उन्हाची ऊब धरून ठेवतो आणि पावसाचे पाणी झिरपून जाते. त्यामुळे गुरांना हिवाळ्यातही कोरडी जागा मिळते. गुरे जाड, वाळके गवत खाऊन टाकतात, म्हणून वसंतात नाजूक रोपट्यांना प्रकाश मिळतो. फुले उमलण्याच्या काळात मात्र गुरे डोंगरावरून खाली गेलेली असतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घडी विस्कटू लागली. गुरांना गोठ्यात ठेवणे किंवा डोंगरावरच मुरघास घालणे वाढले. मुरघासाच्या जागी गुरे गर्दी करीत. तेथील जमीन तुडवली जाई, जवळचे झरे दूषित होत. इतरत्र मात्र गवत न चरता तसेच राही आणि हेझलची झुडपे पसरत.

आयर्लंडमध्ये १९९४ पासून पर्यावरणपूरक शेतीसाठी अनुदान मिळू लागले होते. परंतु ते ठरवून दिलेली कामे केल्याबद्दल मिळे. त्या कामांमुळे फुले वाढली की घटली, यावर अनुदान अवलंबून नसे.

२००५ ते २०१० या काळात बरेनमधील २० शेतांवर शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून नव्या पद्धतीचे प्रयोग केले. २०१० मध्ये तेथे जी योजना सुरू झाली, तिच्यात प्रत्येक कुरणाला दरवर्षी १० पैकी गुण देण्यात येऊ लागले. चराई योग्य झाली आहे का, वाळक्या गवताचा थर साचला आहे का, माती उघडी पडली आहे का, झरे स्वच्छ आहेत का, झुडपे किती पसरली आहेत, हे प्रशिक्षित सल्लागार पाहत. जितके गुण अधिक, तितकी दर हेक्टरी रक्कम अधिक. फारच कमी गुण मिळाल्यास काहीच नाही. झुडपे तोडणे, दगडी बांध दुरुस्त करणे, गुरांसाठी पाण्याची सोय करणे अशा कामांसाठी वेगळे साहाय्य असे. मात्र खर्चाचा काही भार शेतकऱ्याने स्वतः उचलावयाचा असे.

या पद्धतीतही अडचणी आहेत. फुलांचा बहर हवामानावर अवलंबून असतो. एखाद्या वर्षीच्या अवर्षणाचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारता येत नाही. म्हणूनच बरेनमध्ये केवळ फुले न मोजता, शेतकऱ्याच्या हाती असलेल्या गोष्टी तपासल्या जातात. शिवाय सुधारणा सावकाश होते. त्यासाठी काही वर्षांचा धीर लागतो.

तरीही या योजनेने एक मोठा बदल घडवला. ‘नियमाने काय करू नये?’ असे विचारणारा शेतकरी आता ‘माझ्या कुरणाचे गुण कसे वाढतील?’ असे विचारू लागला. कोणत्या उतारावर गुरे कधी न्यावीत, हे त्याचे पिढीजात ज्ञान पुन्हा मोलाचे ठरले. २०१६ नंतर सुमारे ३३० शेतकरी या उपक्रमात सहभागी झाले. २०२३ पासून आयर्लंडच्या नव्या कृषी-पर्यावरण योजनेत इतर काही प्रदेशांतही अशी गुणपद्धती लागू झाली.

फुलांना बाजारात भाव नसतो, म्हणून ती राखणाऱ्याचे श्रमही अदृश्य राहतात. त्या श्रमांचे मोल झाले नाही, तर शेतकरी डोंगर सोडील आणि त्यामागून फुलेही जातील. बरेनच्या शेतकऱ्याने मांस आणि दूध यांच्या जोडीला निसर्गरक्षण हेही शेतीचे उत्पन्न होऊ शकते, हे दाखवून दिले आहे.

शब्दार्थ

मुरघास – हिरवा चारा हवाबंद ठेवून, आंबवून टिकवलेले वैरण
अवर्षण – पाऊस न पडणे
पिढीजात – पूर्वजांपासून चालत आलेले
हेक्टर – सुमारे अडीच एकर जमीन

स्वाध्याय

१. बरेनमध्ये गुरे हिवाळ्यात डोंगरावर का नेतात?
२. १९९४ च्या आणि २०१० च्या योजनांतील मुख्य फरक स्पष्ट करा.
३. गुण देताना केवळ फुले का मोजली जात नाहीत?
४. तुमच्या परिसरातील शेतीवर अवलंबून असणाऱ्या एखाद्या पक्ष्याविषयी किंवा वनस्पतीविषयी आठ ओळी लिहा.