बार्शी लाइटचे इंजिन

मुलांनो, सांगलीजवळच्या मिरज स्थानकात १९२७ पासून अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक चिमुकली गाडी येऊ लागली. ती ‘बार्शी लाइट रेल्वे’. तिचा जनक एव्हरर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. हलक्या रुळांवरून अवजड माल न्यावा कसा, हा त्याच्यापुढील प्रश्न. रूळ खचतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, तर एकेका आसावर पडणाऱ्या भाराने, हे त्याने ओळखले. म्हणून इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा त्याने नियम केला. लीड्सच्या किटसन कारखान्यात घडलेल्या पहिल्या इंजिनांना त्यासाठी सहा आस, म्हणजे बारा चाके होती!

१८९७ मध्ये बार्शीचा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपुरास पोहोचला. वारकऱ्यांच्या या मार्गावरील पहिल्या इंजिनांचा वर्ग ओळखला जाई तो नुसत्या ‘ए’ या अक्षराने. इकडे इंग्लंडात १९०४ मध्ये कॅलथ्रॉपच्याच पद्धतीने बांधलेल्या एका छोट्या मार्गावरील इंजिनास मात्र त्याचे नाव मिळाले. तो मार्ग १९३४ मध्येच बंद पडला. पंढरपूरचा मार्ग आता रुंद झाला असून त्यावरून आजही गाड्या धावतात.