किल्ल्या कोणाकोणाला द्यायच्या?

फर्दापूरचा दुकानदार नोकराला शटरची किल्ली देतो, गल्ल्याची देत नाही. कॉलेज वा विद्यापीठाचे ‘मूडल’ सांभाळण्याचे काम घेणाऱ्या आपल्या तरुणांनी हाच हिशेब ठेवावा. २००२ साली निघालेली ही ऑनलाइन शिक्षणाची प्रणाली मोफत मिळते. धंदा आहे तो ती नीट चालवून देण्यात.

तिच्यात ‘साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे कुलमुखत्यार. त्याला कसलीच अडकाठी नाही आणि त्याचे अधिकार छाटताही येत नाहीत. असे दोघेच पुरेत, एक रजेवर गेला तर दुसरा. विभागाच्या कारकुनाला ‘मॅनेजर’ करा, तेही त्याच्या विभागापुरते. हे अधिकार एकेक करून कमी करता येतात. नुसते गुण भरायचे असतील तर ‘नॉन-एडिटिंग टीचर’ बस्स, त्याला धड्यात बदल करता येत नाही.

साहेब मोठे, म्हणून त्यांनाही अ‍ॅडमिन करा, असा आग्रह हमखास होतो. अदबीने नकार द्या. चुकून अभ्यासक्रम पुसला गेला तर जाब तुम्हालाच विचारला जाईल.

अ‍ॅडमिन नोकरी सोडून गेला, तर आधी त्याचे नाव अ‍ॅडमिनच्या यादीतून काढा, मगच खाते ‘सस्पेंड’ होते. खाते पुसू मात्र नका.