जुने भिंग आणि मोठा कॅमेरा
(द्वितीय वर्ष, कला)

छायाचित्रणाची कला आपल्याकडे फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, मध्ये भाता, मागे दुधी काच आणि पुढे पितळी नळीत बसवलेले भिंग. असेच एक भिंग मी शहाडला भंगाराच्या दुकानातून पितळेच्या भावाने विकत घेतले. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “चालतं का हे?” त्याचे उत्तर शोधताना जे कळले, ते येथे थोडक्यात मांडतो.

प्रथम भिंगाचे नाभीय अंतर काढावे. पुठ्ठ्यात एक अक्षर कापून त्यामागे दिवा लावावा आणि पलीकडे बटर पेपर धरावा. अक्षर व त्याची प्रतिमा अगदी सारख्या आकाराची झाली, की पुठ्ठ्यापासून कागदापर्यंतचे अंतर नाभीय अंतराच्या चौपट असते. माझ्या भिंगाचे हे अंतर ८४ सेंटिमीटर आले, म्हणजे नाभीय अंतर २१. समोरून दिसणारे छिद्र ५.२ सेंटिमीटर. २१ भागिले ५.२, म्हणजे हे भिंग एफ ४ चे.

दुसरा प्रश्न शटरचा. जुन्या भिंगाला शटर नसते. टोपण काढायचे आणि पुन्हा लावायचे. १०० वेगाच्या फिल्मला भर उन्हात एफ १६ वर १/१०० सेकंद पुरतो. इतक्या झटपट हात चालणार नाही. म्हणून काळ्या पुठ्ठ्याला सव्वातीन मिलिमीटरचे भोक पाडून तो नळीच्या खाचेत बसवावा. हे झाले एफ ६४. मोकळ्या सावलीत आता सुमारे सव्वा सेकंद लागतो आणि तेवढा हाताला साधतो. घरातल्या मंद उजेडात मात्र पूर्ण उघड्या भिंगालाही अर्धा सेकंद लागतो.

तिसरी गोष्ट चकाकीची. काचेवर परावर्तनरोधक लेप देण्याची युक्ती झाइस कंपनीत स्माकुला यांनी १९३५ साली काढली. त्यापूर्वीच्या भिंगात हवेला लागलेल्या प्रत्येक पृष्ठावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. पेत्सवाल यांच्या १८४० च्या भिंगात अशी सहा पृष्ठे आहेत. म्हणजे जवळजवळ पाव प्रकाश वाया जातो आणि त्यातला काही फिल्मवर धुक्यासारखा पसरतो. उपाय साधा : पुढे काळ्या पुठ्ठ्याची नळी लावावी व सूर्य पाठीशी ठेवावा.

एका निवृत्त स्टुडिओवाल्या काकांनी आपला लाकडी कॅमेरा वापरायला दिला. त्यावर मी आजीचे चित्र घेतले. डोळे आणि सुरकुत्या स्वच्छ आल्या, कानांपासून पुढे सारे मऊ होत गेले. मध्यभाग रेखीव, कडा पुसट, हा पेत्सवाल पद्धतीचा दोष. पण चेहऱ्याला तोच शोभतो. यापूर्वी आजीचा फोटो फक्त रेशनकार्डावर होता.

मित्रहो, तुमच्या ओळखीच्या एखाद्या बंद स्टुडिओत असे भिंग पडून असेल, तर ते विकले जाण्यापूर्वी दिवा आणि पट्टी घेऊन बसा. अर्ध्या तासाचे काम आहे.