नकाराचा रकाना



गर्भवती स्त्रिया व नवजात बालके यांच्यावरील वैद्यकीय चाचणीसाठी सहभागींची नोंदणी करण्याचे काम ज्याच्याकडे येते, त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की नकार देण्याची मोकळीक असताना जी स्त्री समजून-उमजून होकार देते, तिचीच संमती खरी.

नोंदणीच्या वेळेलाही मोठे महत्त्व असते. 2006 ते 2012 या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या ‘सरस’ चाचणीत स्त्रियांची नावे गर्भधारणेपूर्वीच नोंदवून त्यांची यादृच्छिक विभागणी, म्हणजे निवड निव्वळ योगायोगावर सोपवणारी विभागणी, करण्यात आली. एका गटाला पालेभाज्या, फळे व दूध यांचा, तर दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा खाऊ मिळे. एकंदर बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. मात्र गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून पोषक खाऊ घेणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने अधिक वजनाची भरली.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात केसपेपर घेऊन रांगेत उभी असलेली स्त्री उपचार कोणता आणि संशोधन कोणते, हा भेद आपण होऊन करीलच असे नाही; म्हणून नकार दिल्यास उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे नोंदणी करणाऱ्याने तिला आधी सांगावे. कळा सुरू झाल्यावर कागद पुढे करण्यापेक्षा प्रसूतिपूर्व तपासणीच्या वेळीच माहिती द्यावी, पती व सासू यांच्याशी बोलण्यास तिला अवधी द्यावा, परंतु निर्णय तिचाच राहील याची काळजी घ्यावी. तिला वाचता येत नसल्यास चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर मजकूर वाचून दाखवावा आणि मगच अंगठा घ्यावा.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत असल्याने डोंबिवलीत नोंदलेली स्त्री कोकणात किंवा खानदेशात बाळंत होऊ शकते, आणि मग जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांचा, म्हणजे नवजात काळाचा, पाठपुरावा तुटतो. अशी निसटलेली बाळे इतरांहून अधिक आजारी असल्यास चाचणीचा निष्कर्षच फसवा ठरतो. यासाठी माहेरचे गाव व तिथला दूरध्वनी क्रमांक तिच्या परवानगीने आरंभीच टिपावा.

नोंदवहीत नकारासाठीही रकाना असावा. महिनोन्‌महिने तो कोराच राहिला, तर उत्तम काम झाल्याचे समाधान न मानता स्त्रियांना ‘नाही’ म्हणता येते की नाही, याची तपासणी करावी.