छटा मऊ, वर्ण खरा
संगणकावरील रंगकामाचा एक पाठ



चित्रकलेच्या वर्गात पूर्वी पेन्सिल, खोडरबर, जलरंगांची पेटी आणि पाण्याचा डबा एवढे साहित्य असले की भागत असे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी अनेकांनी याच साहित्यावर केली आहे. आता त्यांच्या जोडीला संगणक, पेन टॅबलेट आणि मोबाइल आले. वाईसारख्या गावातही जयंतीचा फलक, लग्नपत्रिका, स्मरणिकेचे मुखपृष्ठ अशी कामे तरुण मुले पडद्यावरच करतात. ही कामे पाहताना दोन गोष्टी आमच्या नजरेत वारंवार भरतात. एक म्हणजे मऊ छटेच्या हौसेपायी चेहरा धुरात हरवल्यासारखा होतो. दुसरी म्हणजे रंगकाम झाले की माणूस मूळचा असतो त्याहून गोरा होऊन बसतो. पहिला दोष हाताचा आहे, दुसरा नजरेचा. दोन्ही कसे टाळावेत, हे या पाठात क्रमाने पाहू.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे

मऊ छटा संगणकाने आणली, असा काहींचा समज असतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छायांकनाला 'वर्तना' म्हटले असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. पत्रज वर्तनेत पानांच्या शिरांसारख्या रेषांनी छाया भरतात, ऐरिक वर्तनेत ती अतिशय सूक्ष्म व तलम असते आणि बिंदुज वर्तनेत ठिपक्यांनी उठाव आणतात. आज आपण ब्रशांच्या यादीत रेषांचा, मऊ आणि ठिपक्यांचा असे ब्रश शोधतो, तेव्हा याच तीन वाटांपैकी एक निवडत असतो.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे चित्र आहे. तेथे प्रकाश एकाच बाजूने येत नाही. शरीराच्या कडेकडे रंग गडद होत जातो आणि नाक, ओठ, हनुवटी अशा पुढे आलेल्या भागांवर उजळ स्पर्श आहेत. गेरू, पिवळी माती, काजळी यांसारख्या मोजक्या रंगद्रव्यांत काम करून चित्रकारांनी केवढी गोलाई साधली! त्याच लेण्यात सावळ्या वर्णाची राजकन्या आहे. तिचा वर्ण सावळा ठेवूनच चित्रकाराने तिला देखणी केली आहे. पुढच्या विवेचनात ही राजकन्या आपल्याला उपयोगी पडणार आहे, म्हणून तिची आठवण ठेवावी.

विसाव्या शतकात मराठी घराघरांत मऊ छटा पोहोचवली ती रघुवीर मुळगावकरांनी. गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराची कॅलेंडरे आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे 'स्प्रे'च्या कामासाठी प्रसिद्ध होती. हवेच्या दाबाने रंगाचे बारीक तुषार उडवायचे, नको तो भाग कापलेल्या कागदाने झाकायचा, ही त्या तंत्राची रीत. त्यांचे समकालीन दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' वार्षिक सुरू केले. त्यांच्या पुष्कळ चित्रांत ठसठशीत रेषा आणि सपाट रंग यांवर भर दिसतो. दोघेही वाचकांचे आवडते होते. मऊ छटा हा चित्र चांगले करण्याचा एकमेव मार्ग नाही, हे या जोडीवरून समजते. पडद्यावरील मऊ ब्रश हा त्या स्प्रेचाच वारसदार आहे आणि झाकण्याच्या कागदाची जागा आता 'मास्क'ने घेतली आहे.

प्रथम प्रकाश वाचावा

पडदा उघडण्याआधी खिडकीशी मातीचा माठ ठेवा आणि पाच मिनिटे नुसते पाहा. त्यावर प्रकाशाचे पाच भाग दिसतील: उजेडाची बाजू, मधली छटा, सर्वांत गडद पट्टा, त्या पट्ट्यापलीकडे जमिनीवरून परतलेला अंधूक उजेड आणि माठाची जमिनीवर पडलेली सावली. उजेडाकडून गडद पट्ट्याकडे जाणारा बदल मऊ असतो, कारण माठ हळूहळू वळतो. जमिनीवरची सावली मात्र माठाच्या बुडाशी रेखीव असते आणि दूर जाताना तिची कड विरत जाते.

आता कृष्णेच्या घाटावर या. दगडी पायरीची कड काटकोनात वळते, म्हणून तेथे उजेड आणि छाया यांची सीमा धारदार असते. मेणवलीच्या घाटावरील प्रसिद्ध घंटा धातूची आहे. धातूवर उजेड आणि काळोख शेजारीशेजारी येतात, मधली छटा थोडीच असते. वाईजवळच्या लोहारे येथील बौद्ध लेण्यांत गेलात, तर दारातून आलेला उजेड आत आत कसा मंद होत जातो ते पाहावे. तेथे कोठेही एकदम काळोख होत नाही.

यावरून मुख्य नियम हाती येतो. वस्तू जेथे हळू वळते तेथे छटा मऊ, जेथे एकदम मोडते तेथे कड कठीण. मऊपणा वस्तूच्या घडणीतून येतो. ब्रश फक्त तो उतरवून घेतो. चेहऱ्यात गाल आणि कपाळ मऊ छटेचे, तर पापणीची कड, नाकपुडी, ओठांमधली रेघ आणि चष्म्याची सावली कठीण कडेची. सगळीकडे मऊ ब्रश फिरवला की या कडा पुसल्या जातात आणि चेहरा धुरकट दिसतो.

पडद्यावरील कामाचा क्रम

संगणकावर 'क्रिता' हे मोफत साधन उत्तम आहे, मोबाइलवर 'इबिस पेंट' पुष्कळ मुले वापरतात. साधन कोणतेही असो, क्रम एकच.

१) सर्वांत वरच्या लेयरवर रेखाचित्र ठेवावे. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. फोटोशॉप हे साधन १९९० साली बाजारात आले आणि त्यात लेयरची सोय १९९४ साली झाली. त्यामुळे एका भागाला हात लावताना दुसरा बिघडत नाही.

२) रेखाचित्राखाली दुसऱ्या लेयरवर प्रत्येक भागाचा सपाट रंग भरावा. येथे कठीण कडेचा ब्रश घ्यावा.

३) सपाट रंगावर नवा लेयर घेऊन तो खालच्या लेयरला 'क्लिप' करावा, म्हणजे रंग आकाराबाहेर जाणार नाही. या लेयरचा प्रकार 'मल्टिप्लाय' ठेवावा. पतंगाचे रंगीत कागद एकावर एक धरले की रंग गडद होतो, तसाच हा प्रकार आहे. छायेचे मोठे आकार प्रथम कठीण कडेनेच काढावेत.

४) त्यानंतर मऊ ब्रश घ्यावा. त्याचा आकार मोठा, कडेची कठीणता कमी आणि ओपॅसिटी २० ते ३० टक्के ठेवावी. जी कड गोलाईवर आहे तेवढीच विरवावी. लहान ब्रशाने गिरवत बसले तर डाग पडतात.

५) उजेडाचे स्पर्श शेवटी आणि थोडे. चकाकी म्हणजे जेवणातले मीठ आहे.

बोटाने रंग पसरवल्यासारखे काम करणारे 'स्मज' साधन नवशिक्याला फार आवडते. ते जपून वापरावे. दोन छटांच्या मध्ये तिसरी छटा स्वतः निवडून लावली, तर हात तयार होतो आणि रंगही ताजा राहतो. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा पडद्यावर एकमेकांत विरवून पाहा, मध्ये मळकट पट्टा येईल. तेथे मधला रंग आपणच ठरवावा लागतो.

मोठ्या आकाशात मऊ छटा भरल्यावर कधी कधी पट्टे दिसतात. नेहमीच्या ८ बिटांच्या चित्रात लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या २५६ च पायऱ्या असतात. मोठ्या जागेवर त्या डोळ्यांना दिसू लागतात. चित्र १६ बिटांत करावे किंवा वर अगदी बारीक रवाळ पोत द्यावा, म्हणजे पट्टे लपतात.

सावलीलाही रंग असतो

सावली म्हणजे काळा रंग मिसळणे, ही सवय मोडली पाहिजे. दुपारच्या उन्हात पांढऱ्या भिंतीवरची सावली निळसर दिसते, कारण तेथे आकाशाचा उजेड पोचत असतो. दिव्याच्या पिवळ्या उजेडातही सावल्या थंड भासतात. ढगाळ दिवशी उजेडच थंड, तेव्हा सावल्या उबदार वाटतात. त्वचेचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. उन्हाला पाठ करून उभ्या असलेल्या मुलाचा कान कडेने लालसर दिसतो, कारण उजेड त्वचेत शिरून रक्ताचा रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून चेहऱ्यावर उजेड आणि छाया जेथे भेटतात, तेथे किंचित लाल छटा दिली की त्वचा जिवंत दिसते.

सावळा वर्ण रंगविताना

आता आपण त्या राजकन्येकडे परत येऊ. त्वचेच्या रंगांची तयार पेटी साधनात मिळते, तीत बहुधा गुलाबीसर गोऱ्या छटा असतात. त्यांतून रंग उचलायचा आणि सावळेपणा दाखवायला वर काळा फिरवायचा, असे केले की त्वचा राखेसारखी दिसते. मग ती वाईट दिसते म्हणून पुन्हा उजळायची. दोष वर्णाचा नसतो, पद्धतीचा असतो.

पद्धत अशी ठेवावी. मूळ रंग तपकिरी-नारिंगी कुळातला घ्यावा. उजेडाचे मोजमाप ० ते १०० धरले, तर उदाहरणादाखल मूळ छटा ४५, छाया २५ आणि उजेड ६० असे ठेवून पाहावे. अशाने वर आणि खाली दोन्हीकडे जागा राहते. छायेत काळ्याऐवजी लालसर तपकिरी किंवा जांभळट छटा घ्यावी आणि रंगाचा जोर थोडा वाढवावा. गडद त्वचेवर चकाकी अधिक उठून दिसते. ती कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा येथे लहान आणि नेमकी द्यावी. उघड्यावर असल्यास तीत आकाशाचा किंचित निळा मिसळावा. एवढे केले की सावळा चेहरा सावळाच राहून तेजस्वी होतो. चेहऱ्याचे तेज छटांमधील अंतरातून येते, त्यासाठी गोरेपणाची गरज नसते.

जुने छायाचित्र रंगविताना

बाबासाहेबांची, माता रमाईंची, आपल्या आजी-आजोबांची छायाचित्रे प्रामुख्याने कृष्णधवल आहेत. ती रंगविताना मूळ छायाचित्र खाली ठेवून वर 'कलर' प्रकारचा लेयर घ्यावा. या प्रकारात खालचा उजेड-काळोख जसाच्या तसा राहतो, फक्त रंग चढतो. येथे सावधानता हवी. जुन्या काही फिल्मवर लाल रंगाचा परिणाम होत नसे, त्यामुळे ओठ आणि त्वचा असतात त्याहून गडद उमटत. उलट, छपाईपूर्वी हाताने केलेली सफाई चेहरा उजळ करी. म्हणून एकाच छायाचित्रावर विसंबू नये. निरनिराळ्या उजेडातली तीन-चार छायाचित्रे शेजारी ठेवून निर्णय घ्यावा, घरातली असतील तर ज्यांनी त्या माणसाला पाहिले आहे त्यांना विचारावे.

आज चित्र आपोआप रंगविणारी साधनेही मिळतात. ज्या चित्रांवरून ती शिकलेली असतात त्यांच्या आधारे ती रंगाचा अंदाज करतात. अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. मोबाइलमधील चेहरा सुंदर करणारी सोय तर सुरकुत्या पुसते आणि रंग उजळते. उन्हातान्हात राबलेल्या आजीच्या चेहऱ्यावरच्या रेघा आणि तिचा वर्ण पुसला, तर भिंतीवरच्या तसबिरीत दुसरीच बाई राहते. नातवंडांनी तिला कसे ओळखावे? ज्यांना आयुष्यभर रंगावरून आणि जातीवरून हिणवले गेले, त्यांचा रंग आपण त्यांच्या आदरापोटी बदलावा, यासारखी विसंगती नाही.

छपाईपूर्वी

पडदा उजेडाने रंगतो, कागद आणि फ्लेक्स शाईने. पडद्यावरचा शुद्ध निळा छपाईत जांभळट किंवा फिका होऊ शकतो. जयंतीच्या फलकासाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे. निळ्यातला लाल अंश कमी करून छोटा तुकडा आधी छापून पाहावा. अगदी गडद छटा छपाईत एकमेकींत मिसळतात, म्हणून सावळ्या चेहऱ्याची छाया पडद्यावर वाटते त्याहून थोडी मोकळी ठेवावी. त्यासाठी मूळ वर्णाला हात लावू नये. पुस्तकासाठी चित्र इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात सुरुवातीपासूनच करावे.

स्वाध्याय

१) खिडकीशी ठेवलेला माठ फक्त तीन करड्या छटांत रंगवा. मऊ ब्रश वापरू नका.

२) त्याच चित्रात गोलाईवरच्या कडा तेवढ्या मऊ करा आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा.

३) घाटाची पायरी, पितळी तांब्या आणि सुती कापड एकाच उजेडात रंगवा.

४) घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला सकाळच्या उजेडात दाराशी बसवून तिचा चेहरा रंगवा. काम झाल्यावर चित्र कृष्णधवल करून उठाव टिकतो का ते तपासा, मग ते आडवे उलटून बांधणीतील चुका शोधा. शेवटी चित्र त्या व्यक्तीच्या शेजारी धरा आणि वर्ण जुळतो का, ते घरच्यांना विचारा.

चौथा स्वाध्याय सर्वांत अवघड आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. रोज अर्धा तास काम केले तर हात हळूहळू वळू लागतो. येत्या १४ एप्रिलच्या फलकावर आपल्यापैकी कोणाच्या हातचा चेहरा असेल, तर तो पाहताना जुन्या माणसांनी म्हणावे की अगदी असेच दिसत होते. तेवढे झाले म्हणजे हा पाठ पुरा झाला असे समजावे.